टिपणाच्या खुणेची कुळकथा

कागदाला एका वेळी एकाच ठिकाणी राहता येते आणि माणसाच्या मनात आलेला विचार मात्र बहुधा एकाच विषयाचा नसतो; या दोन साध्या गोष्टींतील विसंगतीतून टिपणे ठेवणाऱ्या प्रत्येक पिढीची अडचण उत्पन्न झालेली आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे जे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत, त्यांतून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा ही अडचण पानोपानी जाणवली असली पाहिजे. त्या काळचे पत्र म्हणजे स्वारीची हकीकत, सावकाराच्या देण्याची तजवीज, घरातील दुखण्याचे वर्तमान आणि पर्जन्यमानाची खबर हे सगळे एकाच मजकुरात सामावून घेणारे. असे पत्र लढाईच्या खंडात घालावे, की कर्जाच्या, की घराण्याच्या? संपादकाला त्यास कोठेतरी एक जागा मुक्रर करून द्यावीच लागते, आणि ज्या क्षणी ती दिली जाते त्या क्षणी त्या पत्राच्या इतर सर्व नात्यांवर पडदा पडतो.

आज संगणकावर किंवा मोबाइलवर स्वतःची टिपणे ठेवणारा गृहस्थ टिपण लिहून झाल्यावर त्याच्या अंगावर दोनतीन शब्द टाकतो, त्यांस टॅग म्हणतात. आणि पुढे त्या शब्दांपैकी कोणताही एक उच्चारला की ते टिपण हजर होते. ही सोय इतकी सहज वाटते की तिच्यामागे साडेचारशे वर्षांची खटपट आहे हे सांगूनही खरे वाटू नये. त्या खटपटीचे सूत्र माझ्या मते एकच आहे: टिपण कोठे ठेवले आहे आणि ते कोणत्या नावाने हुडकता येते, या दोन बाबींची फारकत करणे. आपल्याकडील पेढीवर हे तत्त्व फार पूर्वीपासून रुजलेले होते. कीर्दीत रकमा तारीखवार, जशा आल्या तशा लिहावयाच्या आणि खतावणीत त्याच रकमा खातेवार उचलून घ्यावयाच्या, म्हणजे मूळ नोंद न हलविता तिच्याकडे दुसऱ्या दाराने जाता येते. जी गोष्ट रुपये-आण्यांच्या बाबतीत मुनीमजींना साधली होती, तीच विचारांच्या बाबतीत साधण्यास विद्वानांना मात्र दीर्घकाल लागला.

युरोपात मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर ग्रंथांचा जो पूर लोटला, त्यात वाचलेले ध्यानात ठेवण्याचा प्रश्न प्रथम तीव्र झाला. झुरिच येथील वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर याने १५४५ साली आपली प्रचंड ग्रंथसूची प्रसिद्ध केली आणि १५४८ च्या विषयवार भागात सूची तयार करण्याची आपली रीतही सांगून टाकली. ती रीत अशी की, जे जे टिपावयाचे ते ते कागदाच्या एकाच बाजूस, कोणताही क्रम न पाळता, एकाखाली एक लिहीत जावे. मग कात्री घेऊन त्या कागदाच्या चिठ्ठ्या कापाव्यात. त्या चिठ्ठ्यांची मांडणी हवी तशी बदलून पाहावी. आणि क्रम निश्चित झाला म्हणजे त्या चिकटवून टाकाव्यात. यातील कात्री हे साधन मला फार महत्त्वाचे वाटते. वहीच्या पानाला शिवणीने जो क्रम लादलेला असतो, त्यातून वाक्य मोकळे करणारे पहिले हत्यार तेच होय. कोशकारांनी हा मार्ग पुढे राजमार्ग केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या उतरविण्यात आल्या, आणि एका प्रयोगाला एक चिठ्ठी हा त्यांचा शिरस्ता गेस्नरच्याच कुळातला आहे.

परंतु चिठ्ठी मोकळी झाली तरी तिला अखेर एका खणात पडावेच लागे. या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली खरी युक्ती जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याची. राजकीय संकटामुळे हॉलंडात आश्रय घेऊन राहिला असताना त्याने आपली टिपणवही ठेवण्याची पद्धत १६८६ साली एका फ्रेंच नियतकालिकातून प्रसिद्ध केली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ साली ती इंग्रजीतही आली. मनुष्याच्या ज्ञानाच्या मर्यादा शोधणाऱ्या पंडिताने वहीची पाने कशी आखावीत याचा तपशील इतक्या बारकाईने द्यावा, हे वाचून पुष्कळांना नवल वाटते. मला त्यात त्याच्या चिंतनाचाच एक भाग दिसतो.

लॉकची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. वहीच्या आरंभीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर त्याने सूचीची चौकट आखली. रोमन वर्णमालेतील ज्या अक्षरांवाचून चालेल ती गाळून वीस अक्षरे ठेवली आणि प्रत्येक अक्षरापुढे पाच स्वरांच्या पाच ओळी पाडल्या, म्हणजे शंभर घरे झाली. आता समजा पत्रांविषयी काही टिपावयाचे आहे आणि त्यासाठी लॅटिन ‘एपिस्टोला’ हा शब्द मथळा म्हणून घेतला. त्याचे आद्याक्षर ‘ई’ आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर ‘आय’. म्हणून सूचीत ‘ई’च्या खणातील ‘आय’चे घर पाहावयाचे. ते घर रिकामे असेल, तर वहीत जे पहिले कोरे जोडपान सापडेल ते उघडावयाचे, समासात मथळा लिहून मजकूर उतरावयाचा आणि त्या पानाचा अंक सूचीच्या घरात मांडावयाचा. घरात अंक आधीच असेल, तर त्याच पानावर पुढे लिहीत जावयाचे. जोडपान भरले की पुन्हा पुढचे कोरे पान घेऊन त्याचा अंक पहिल्या अंकाशेजारी बसवावयाचा. अमुक विषयाला इतकी पाने असे आधी राखून ठेवणे नाही, म्हणून काही विषयांची पाने कोरी वाया जाणे आणि काहींना जागा अपुरी पडणे हेही नाही. पान मिळेल ते घ्यावे आणि माग सूचीने काढावा. टिपणाच्या वास्तव्याचा त्याच्या विषयाशी असलेला संबंध येथे प्रथमच तुटला, आणि म्हणूनच आजच्या टॅगचा मूळपुरुष म्हणून लॉककडे बोट दाखविण्यास मला संकोच वाटत नाही.

त्याच शतकात टॉमस हॅरिसन नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजाने टिपणांसाठी एक कपाटच कल्पिले होते. त्यात सुमारे तीन हजार मथळ्यांच्या पट्ट्या आणि त्यांखाली चिठ्ठ्या अडकविण्याची सोय होती. जर्मनीत त्याचे वर्णन छापले गेले आणि लाइब्निझसारख्या महापंडिताने तशा धर्तीचे एक कपाट आपल्याजवळ बाळगले. तथापि कपाट कितीही मोठे केले तरी चिठ्ठीला आकडा एकच, हा मूळ पेच त्याने सुटला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न व्यक्तीच्या मेजावरून ग्रंथालयाच्या फडताळांवर गेला. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकनाने १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध करून अखिल ज्ञानाची दहा दालने पाडली व प्रत्येक दालनात पुन्हा दहा, असे घर बांधून दिले. पुस्तक फळीवर उभे करावयाचे तर असा बंदोबस्त हवाच. परंतु त्यामुळे एक समजूत दृढ झाली की प्रत्येक वस्तूस विश्वात एकच योग्य स्थान असते व ते जाणकाराने ठरवावयाचे असते. या समजुतीस सर्वांत मर्मभेदी उत्तर आले ते भारतातून. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनो हा मुलांचा खेळ त्यांच्या दृष्टीस पडला. पट्ट्या, चाके, खिळे हे मोजकेच भाग, पण त्यांच्या जोडणीतून हवी ती आकृती उभी राहते, हे पाहून विषयांचीही तयार घरे बांधण्यापेक्षा त्यांचे सुटे घटक देऊन जोडणी ग्रंथपालावर सोपवावी, ही कल्पना त्यांना सुचली. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात ‘भारतात १९५० साली क्ष-किरणांनी केलेल्या फुप्फुसांच्या क्षयाच्या उपचारांविषयी संशोधन’ अशा विषयाचे प्रथम पृथक्करण होते: अवयव कोणता, व्याधी कोणती, उपाय कोणता, देश कोणता, काळ कोणता, आणि मग विरामचिन्हांनी ते घटक गुंफले जातात. कोणतीही वस्तू अनेक अंगांनी पाहता येते आणि प्रत्येक अंगाला स्वतंत्र नाव असावे, हा जो विचार त्यांनी शास्त्राच्या पदवीला नेला, तो आज टिपणावर ‘पुणे’, ‘पाणीपुरवठा’, ‘मुलाखत’ अशा तीन खुणा टाकणारा पत्रकार नकळत आचरीत असतो. एक भेद मात्र विसरता कामा नये. रंगनाथनांचे घटक नियमाने बांधलेले होते, त्यांचा क्रम ठरलेला होता. टॅगला क्रम नाही आणि नियमही नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय अहवालांचे ढीग असे वाढले की ग्रंथपालांची पारंपरिक सूची त्यांच्यापुढे थकली. त्या काळी दोन युक्त्या पुढे आल्या आणि दोन्ही कागदाच्याच होत्या. पहिली कडेला भोके पाडलेल्या कार्डांची. कार्डाच्या चारी कडांना भोकांची रांग असे व प्रत्येक भोकाला एक अर्थ नेमून दिलेला असे. ज्या कार्डावरील टिपणास तो अर्थ लागू असेल, त्या कार्डाचे ते भोक चिमट्याने कडेपर्यंत कापून खाच करावयाची. मग हवा तो विषय शोधताना सर्व कार्डांची चळत हातात धरून त्या भोकातून एक लांब सुई आरपार घालावयाची आणि चळत उचलून किंचित हलवावयाची, म्हणजे खाच असलेली कार्डे आपोआप खाली गळतात व बाकीची सुईवर लटकत राहतात. गळलेल्या कार्डांतून दुसरी सुई घातली की दोन्ही विषय लागू असलेली तेवढी हाती येतात. काम आटोपल्यावर कार्डे कोणत्याही क्रमाने चळतीत परत टाकली तरी चालते, यातच या साधनाचे खरे सौंदर्य आहे. पिसून टाकलेल्या चळतीतूनही अचूक उत्तर मिळते, याचा अर्थ जागेचे महत्त्व शून्यावर आले.

दुसरी युक्ती मॉर्टिमर टॉब या अमेरिकन ग्रंथपालाची. त्याने १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत अशी पद्धत बसविली की अहवालांना नुसते आल्या क्रमाने अंक द्यावयाचे आणि विषयासाठी लांबलचक मथळे न रचता एकेक सुटा शब्द घ्यावयाचा. प्रत्येक शब्दाचे एक कार्ड, त्यावर शून्यापासून नऊपर्यंतचे दहा रकाने, आणि अहवालाचा शेवटचा अंक जो असेल त्या रकान्यात त्याचा पूर्ण क्रमांक. ‘पोलाद’ आणि ‘गंज’ या दोहोंविषयीचे अहवाल हवे असतील, तर दोन कार्डे शेजारी ठेवून रकान्यामागून रकाना ताडून पाहावा. जो क्रमांक दोन्हीकडे आढळेल तो आपला. या पद्धतीत टॅगचे सर्व गुण तर आहेतच, पण त्याचे दोषही तेव्हाच उघडे पडले. ‘शिक्षक’, ‘विद्यार्थी’ आणि ‘प्रशंसा’ हे तीन शब्द एकत्र आले तरी कोणी कोणाची प्रशंसा केली हे कार्ड सांगत नाही. सुट्या शब्दांना विभक्ती नसते, आणि विभक्तीवाचून नाते कळत नाही.

यापुढे संगणक आला, तेव्हा कागदाच्या बंधनातून टिपण सुटलेच, असे कोणासही वाटले असते. झाले मात्र उलटे. १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी फायलींची जी शाखोपशाखांची रचना मांडली, तीच पुढे सर्वत्र रूढ झाली, आणि १९८० नंतरच्या दशकात पडद्यावर फोल्डरचे चित्र आल्यावर कचेरीतील लाकडी कपाट जसेच्या तसे संगणकात येऊन बसले. ज्या यंत्रात वस्तूला जागेची गरज नव्हती, त्या यंत्रातही लोक एकेका फायलीला एकेक घर देत राहिले. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात असल्या शाखावार मांडणीस कृत्रिम ठरवून, मन जसे एका गोष्टीवरून दुसरीवर जाते तसा माग ठेवणारे यंत्र कल्पिले होते. पण ते कल्पनेतच राहिले.

वैयक्तिक टिपणांच्या बाबतीत ही कोंडी प्रथम फोडली ती मिच केपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली बाजारात आणलेल्या लोटस अजेंडा या प्रोग्रॅमने. त्यात मनुष्याने मनात येईल तसे एकेक वाक्य टंकावयाचे, मग एकच वाक्य हव्या तितक्या सदरांत दिसू शके. इतकेच नव्हे, तर पुढील मंगळवारी अमक्याला फोन करावयाचा असे लिहिले, तर त्या माणसाचे व तारखेचे सदर प्रोग्रॅम स्वतःच ताडून लावी. अजेंडा फार वर्षे टिकला नाही. ज्यांनी तो वापरला त्यांच्या मनातून तो सहसा गेलाही नाही.

टॅग या नावाने ही चीज सर्वतोमुखी झाली ती जोशुआ शॅक्टर या न्यूयॉर्कच्या तरुणामुळे. इंटरनेटवरील मनोरंजक मजकुराचे दुवे तो एका साध्या मजकूर-फायलीत साठवीत असे, आणि ते हजारोंच्या घरात गेल्यावर प्रत्येक दुव्यापुढे तो चौकडीचे चिन्ह (#) काढून त्याला जोडून एक आखूड शब्द लिहू लागला, उदाहरणार्थ गणिताविषयीच्या दुव्यापुढे गणिताचे संक्षिप्त नाव, म्हणजे पुढे तो शब्द शोधताच त्या जातीचे सगळे दुवे एकदम निघावेत. या खासगी सवयीतून २००३ साली डेलिशस ही सेवा उभी राहिली. तिने शब्दांची कोणतीही मान्य यादी पुढे केली नाही. ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने टाकावा, पण दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली की तिथे एक टॅग संपला असे धरले जाई, म्हणून जोडशब्द चिकटवून लिहावे लागत. पुढच्याच वर्षी फ्लिकरने छायाचित्रांना, तर जीमेलने लेबल या नावाने पत्रांना हीच सोय दिली. त्याच वर्षी थॉमस व्हँडर वॉल याने लोकांनी मिळून घडविलेल्या या वर्गवारीस ‘फोकसॉनॉमी’ हे नाव दिले. आणि २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिनाने ट्विटरवर चौकडीच्या चिन्हाने विषय दर्शविण्याची सूचना केली, तेव्हापासून टॅग चव्हाट्यावर आला. चव्हाट्यावरील त्याच्या पराक्रमांशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्याचा जन्म समाजासाठी झाला नव्हता. एका माणसाने पुढे केव्हातरी हीच वस्तू शोधू पाहणाऱ्या स्वतःसाठी ठेवलेला तो निरोप होता. गोल्डर आणि ह्युबरमन या संशोधकांनी २००५ साली डेलिशसवरील टॅगांची छाननी केली, तेव्हा त्यांत विषयवाचक शब्दांबरोबर ‘वाचायचे आहे’, ‘माझे’ अशा अर्थाचे शब्दही त्यांना आढळले. कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत अशा मथळ्यांना थारा मिळणार नाही, आणि खासगी टिपणवहीत यांच्याइतके उपयोगी दुसरे मथळे नाहीत.

येथे खुणेच्या शब्दाची निवड हा प्रश्न उरतो, आणि अनुभवी लोक याच जागी अडतात. फर्नास हा संशोधक आणि त्याचे सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की एकाच वस्तूला दोन माणसे आपण होऊन एकच नाव देण्याचा संभव शेकडा वीसहूनही कमी असतो. आजचे आपण आणि पाच वर्षांनंतरचे आपण हीदेखील बऱ्याच अंशी दोन माणसेच असतात, हे ज्याने ‘शेती’, ‘कृषी’, ‘शेतकरी’ आणि ‘पीकपाणी’ असे चार टॅग एकाच विषयाला लावून ठेवले आहेत त्याला सांगावे लागत नाही. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या जमविल्या, पण त्याच्या शब्दसूचीत बहुतेक शब्दांपुढे अवघे थोडेसे क्रमांक आहेत. एका शब्दाने आत शिरावे आणि पुढची वाट चिठ्ठ्यांनी एकमेकींकडे दिलेल्या हवाल्यांवरून काढावी, असा त्याचा शिरस्ता होता. टॅग विपुल असावेत यापेक्षा ते थोडे आणि स्थिर असावेत, असे मला या उदाहरणावरून पटले आहे.

मराठीत टिपणे ठेवणाऱ्याला तर टॅगची गरज इंग्रजीत लिहिणाऱ्याहून अधिक आहे, आणि तिचे कारण आपल्या व्याकरणात आहे. मजकुरातील शब्द यंत्राकरवी शोधता येत असताना वेगळी खूण कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु टिपणात ‘पाण्याचा तुटवडा’ असे लिहिले असेल, तर ‘पाणी’ या अक्षरांच्या शोधाला ते सापडत नाही. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीला’ दिसत नाही, आणि ‘गाव’ शोधताना ‘गाव’, ‘गावात’ मिळाले तरी जुन्या लेखनातील ‘गांव’ निसटतो. सामान्यरूप आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्या या फेऱ्यातून सुटण्याचा सुलभ उपाय म्हणजे टिपणाच्या शेवटी मूळ शब्द प्रथमेच्या एकवचनात, एकाच लेखनाने, चौकडीचे चिन्ह जोडून लिहून ठेवणे. नामांना एकवचन, गावांना प्रचलित सरकारी लेखन, माणसांना आधी आडनाव आणि जोडशब्दांत मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा, इतके चार नियम एका टिपणातच लिहून ते सर्वांच्या वर ठेवले, आणि नवा टॅग घालण्यापूर्वी जुन्यांची यादी एकदा नजरेखालून घातली, तर त्या ‘शेती’ व ‘कृषी’ यांपैकी कोणता शब्द राखावयाचा याचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागतो आणि दुसरा शब्द जेथे जेथे आला असेल तेथे तो बदलून घेण्यास तेव्हा फार वेळ लागत नाही.